कुठल्या गावचे पाटील?

बदलापुरात पाटील हे आडनाव राहिलेलं नाही. ती गर्दी झाली आहे. आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फलकावर पाटलांनी एकाखाली एक अशी बैठक मारली आहे. त्यातले एक इथलेच, आगरी. इमारत उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भात पिकायचं, आणि पार्किंगवरून वाद निघाला की ते भात पुन्हा डोलायला लागतं. दुसरे जळगावकडचे लेवा पाटील. हिवाळ्यात त्यांच्या घरी वांगी भाजली की अख्ख्या विंगला भूक लागते. तिसरे चिकोडीकडचे जैन पाटील. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून परतीच्या लोकलमध्येच डबा उघडतात आणि शेजाऱ्याची कोपरं खातात. चौथा मी, कोल्हापूरकडचा. आमची बोली वेगळी, कुलदैवतं वेगळी, लग्नं कधी एकमेकांत होत नाहीत. एकत्र येतं ते फक्त कुरिअर, आणि तेही चुकीच्या घरी.

यावर वॉचमनने तोडगा काढला आहे. त्याने प्रत्येकाला उपाधी दिली: रिक्षावाले पाटील, क्लासवाले पाटील, कुत्रेवाले पाटील. गच्चीतली टाकी माझ्या हॉलमध्ये झिरपते, म्हणून मी 'टाकीखालचे पाटील'. दिवाणखान्यात मुकुटासारखी बादली ठेवून बसणाऱ्या माणसाला याहून मानाची उपाधी मिळणं कठीण होतं, आणि मी ती स्वीकारलीही होती.

बिघडलं ते अंबरनाथच्या एमआयडीसीत. तिथल्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात आहे. नवी मशीन बसवायला पोलंडहून एक इंजिनिअर आला. त्याचं पहिलं नाव सांगत नाही; आडनाव मात्र पोलंडात इतकं मुबलक आहे की सांगूनही तो सापडणार नाही: वुइचिक. चहाच्या वेळी त्याने आमच्या खात्याचा हजेरीपट पाहिला, पाटलांवरून बोट खाली खाली नेलं आणि विचारलं, "हे सगळे भाऊ का?"

मी छाती काढून सांगितलं, की पाटील म्हणजे गावाचा प्रमुख. सारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा, होळीला पहिला मान घेणारा. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकील' असा शब्द येतो, तिथपासून आमची परंपरा. हे बोलताना माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं, कारण कप संपले होते.

तो खूश झाला. म्हणाला, आपण एकाच धंद्यातले. पोलिश भाषेत गावप्रमुखाला 'वुइत' म्हणतात. वुइचिक म्हणजे धाकटा वुइत किंवा वुइताचा मुलगा. मात्र काही वुइचिकांचा गावप्रमुखाशी काडीचाही संबंध नाही. त्यांच्या पूर्वजाचं नाव वोय्चेख होतं आणि लाडाने त्याचा वुइचिक झाला. शिवाय 'वुइत' शब्द जर्मनांकडून आला आणि जर्मनांकडे लॅटिनमधून. मूळ लॅटिन शब्द 'अ‍ॅडव्होकातुस', म्हणजे आपला अ‍ॅडव्होकेट. त्यामुळे एकाच आडनावात पाटील, पाटलाचं पोर, वकील आणि वोय्चेखचा बाळू असे चौघे राहतात आणि कुणीच भाडं देत नाही. बाकीच्या पोलिश आडनावांतही आपलीच वस्ती दिसली. तिथला 'स्की' पुष्कळदा आपल्या 'कर'चं काम करतो. विश्न्येव्स्की म्हणजे विश्न्येवो गावचा, आणि 'विश्न्या' म्हणजे चेरी. आपल्याकडे असता तर चिंचवडकराच्या शेजारी राहिला असता. कोवाल्स्कीच्या पोटात लोहार आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने सहज विचारलं, "तू कुठल्या गावचा प्रमुख?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग गाव सोडून इथे काय करतोस?" टाकीचं मी त्याला सांगितलं नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या घरी पाटीलकीचा एकही पुरावा नाही. वाडा नाही, वतनाचा कागद नाही, तलवार नाही. एक अडकित्ता आहे आणि तोही आईच्या माहेरचा. पाटलांना बहुधा मूळ आडनावही असतं, कारण पाटील हा हुद्दा. गावोगाव चव्हाण-पाटील, भोसले-पाटील, जाधव-पाटील सापडतात. आमच्या मागे नुसतं 'पाटील', धोतराविना उपरणं. मी सुट्टी टाकली आणि गाव गाठलं. बायको म्हणाली, "त्यापेक्षा प्लंबर गाठा." इतिहास घडवणाऱ्यांना घरून पाठिंबा मिळत नाही.

गावी पहिली साक्ष चुलत आजोबांची, म्हणजे आबांची. "आपुन अस्सल मुलकी पाटील," ते खाटेवरूनच गरजले. "सरकारनं काढून घेतली पाटीलकी, न्हाईतर आज तू खुर्चीत असतास." यातलं अर्धं खरं आहे. १९६२च्या कायद्याने महाराष्ट्रातली मुलकी पाटीलकी बरखास्त झाली आणि वंशपरंपरेने चालणारं ते पद संपलं. आता गावात असतो तो पोलीस पाटील. त्याला १९६७च्या कायद्याखाली सरकार नेमतं आणि त्याचं आडनाव कांबळे, मुल्ला, काहीही असू शकतं. म्हणजे आज ज्यांचं आडनाव पाटील ते पाटील नसतात आणि जे पाटील असतात त्यांचं आडनाव पाटील असेलच असं नाही. हे मी आबांना समजावू लागलो, तेव्हा त्यांनी श्रवणयंत्र काढून उशाला ठेवलं.

दुसरी साक्ष आत्याची. तिने भाकरी थापता थापता खानदान आडवं केलं. "कुठलं पाटील घेऊन बसलास? तुझ्या आज्ज्याचा बा पाटलाच्या वाड्यावर राखणीला हुता. शाळेत नाव घालताना मास्तरनं विचारलं, पोरगं कुणाचं? शिपाई म्हणाला, पाटलाच्या वाड्यावरचं. मास्तरनं लिवलं पाटील." एवढं बोलून तिने भाकरी उलटली. मास्तरांचं अक्षर सुंदर होतं, असंही तिने नंतर सांत्वनादाखल सांगितलं.

आता तिसरं मत घेणं भाग होतं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात. घराण्यांच्या वंशावळी राखणारे, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघड म्हणून दाखवणारे. पूर्वी ते बैलावर बसून यायचे. आमचा मोटारसायकलवर आला, तेव्हाच दर वाढल्याचं लक्षात यायला हवं होतं. त्याने वही सोडली आणि पूर्वज सुरू झाले. खंडोजी, त्याचा मालोजी, त्याचा पुन्हा खंडोजी. दर दोन पूर्वजांमागे तो थांबे आणि पोत्याकडे बघे. मी धान्य घातलं की वंश पुढे सरके. एका पोत्यात आम्ही इंग्रजी राज्य ओलांडून पेशवाईत शिरलो आणि तिथे त्याने वही मिटत निकाल दिला: "तुमचं मूळ आडनाव चौगुले."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौगुला म्हणजे गावगाड्यातला पाटलाचा मदतनीस. पाटील पुढे, चौगुला मागे. म्हणजे मी पाटील आहे (आबा), पाटलाचा राखणदार आहे (आत्या) किंवा पाटलाचा असिस्टंट आहे (हेळवी, एक पोतं ज्वारी). बदली जागेवर, पदोन्नती नाही, असा माझा नोकरीतला जो इतिहास आहे त्याच्याशी तिसरं मत सर्वांत जुळत होतं. मी चौगुले-पाटील व्हायचं ठरवलं.

दारावरची पाटी करून घ्यायला उल्हासनगरला गेलो. आमच्या पट्ट्यात जी वस्तू कुठेच मिळत नाही ती कॅम्पात मिळते, आणि जी मिळते ती कॅम्पात स्वस्त मिळते. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावाचं नाव उल्हासनगर झालं, तरी पत्ता अजून 'कॅम्प नंबर तीन' असाच सांगतात. पाटीवाले काका माझी तिन्ही मतं ऐकून घेत होते. त्यांचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

"साईं, इतना टेन्शन काय को?" ते म्हणाले. "हमारे में सीधा हिसाब. पुराने दादा का नाम पकडो, पीछे आनी लगाओ. मीरचंद का मीरचंदानी, हीरानंद का हीरानंदानी. तुम्हारे दादा के दादा का नाम क्या?"

"तुकाराम."

"तो तुम तुकारामानी. बनाऊँ?"

मी नम्रपणे नको म्हटलं. पाटी संध्याकाळी हातात आली: पितळी, झळझळीत, 'चौगुले-पटेल'. मी ओरडलो. काका शांतपणे म्हणाले, "पाटील, पटेल, एक ही बात." राग येण्याचं कारण म्हणजे ते बरोबर बोलत होते. गुजरातेतला पटेल आणि इथला पाटील एकाच जुन्या शब्दाची पोरं आहेत. पैसे परत मिळाले नाहीत. वर सवलतीत एक स्क्रू मिळाला, जो बसत नाही.

पोलिश पाहुण्याला निघण्याआधी मी अंबरनाथचं शिवमंदिर दाखवलं. काळ्या दगडाचं, वालधुनीच्या काठावरचं, शके ९८२चा म्हणजे इ. स. १०६०चा लेख असलेलं. तो लेख शिलाहार राजाचा, आणि इतिहासकार ज्याला मुम्मुणी म्हणतात त्याचं नाव लेखात 'मांवाणी' असं येतं. हे कळल्यापासून मला राहून राहून वाटतं की पाटीवाल्या काकांपासून ही गोष्ट लपवून ठेवली पाहिजे. नाहीतर मंदिरही कॅम्प नंबर सहामध्ये जाईल.

तिथल्या पायरीवर त्याने मला गप्प केलं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेली. हे त्याला ठाऊक होतं. मी तिथून काही कोसांवर वाढलेलो, आणि मला वळिवडं माहीत होतं ते शेजारच्या गांधीनगरातल्या घाऊक कापडबाजारामुळे. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. तिथे नवे लोक आले, इथेही आले. राखणदाराचा पणतू बदलापूरला आला. त्यात बदलापुराच्या नावाचीही लोक अशीच व्युत्पत्ती सांगतात की जाणाऱ्या फौजा इथे घोडे बदलायच्या. कल्याणला गाडी बदलणाऱ्यांना ती सहज पटते.

मी त्याला तिन्ही मतं सांगितली. 'चौगुले' ऐकताच तो हसला. "पाटलाचा मदतनीस? म्हणजे धाकटा पाटील. म्हणजे वुइचिक!" मग म्हणाला, पोलंडात सर्वांत जास्त लोकांचं आडनाव ना वुइचिक आहे ना कोवाल्स्की. ते आहे नोवाक. अर्थ: गावात नव्याने आलेला.

हे आडनाव आमच्या पट्ट्याला अगदी मापाने शिवल्यासारखं बसतं. शहाडपासून वांगणीपर्यंत, त्या आगरी पाटलांसारखी जुनी घरं सोडली, तर आम्ही सगळे नोवाक आहोत. कुणी फाळणीने आलं, कुणी कारखान्याने, कुणी स्वस्त फ्लॅटच्या जाहिरातीने. येताना प्रत्येकाने गावचा हुद्दा बरोबर आणला, फक्त गाव आणलं नाही. माझा निकाल असा की पाटीलकी गेली ते बरंच झालं. या सोसायटीत सारा गोळा करायला लागला असता तर मी पहिल्या तिमाहीतच राजीनामा दिला असता.

वाचकांत पाटील असतील, असणारच. त्यांना विनंती: मूळ आडनाव शोधायचंच असेल तर हेळव्याला ज्वारी किती लागेल ते आधी ठरवून घ्या आणि आत्याला शेवटी विचारा. आणि आम्हाला बदलापूरला काही पाठवणार असाल तर आडनाव गाळलंत तरी चालेल. विंग आणि फ्लॅट नंबर तेवढा ठळक लिहा.