निवडून-पाखडून दोष

विनोदी लेखकाने आधी स्वतःला हसावं, असं मी जिथेतिथे सांगत असतो. माझा विसरभोळेपणा, यंत्रांपुढे उडणारी तारांबळ, बायकोपुढे होणारी गाळण, सगळं मी मोठ्या मनाने छापून टाकलंय. परवा जॅक बेनीचा 28 मार्च 1948 चा रेडिओ कार्यक्रम ऐकला आणि मला माझाच संशय आला. माझा एकेक दोष असा निवडून-पाखडून घेतलेला, की तो ऐकून लोकांनी म्हणावं, 'किती साधा माणूस!'

या अमेरिकन विनोदवीराने स्वतःसाठी कोणता दोष घेतला? कंजूषपणा. शिवाय कायम एकोणचाळिशीत अडकलेलं वय आणि ऐकवत नाही असं व्हायोलिन. त्या भागातला पाहुणा सिनेनट रोनाल्ड कोलमन. 'अ डबल लाइफ'साठी त्याला ऑस्कर मिळून जेमतेम आठवडा झालेला. कार्यक्रमात तो बेनीचा शेजारी, अदबशीर इंग्रज आणि बेनीला पुरता विटलेला. बेनी त्याच्याकडून ऑस्करची बाहुली उसनी आणतो, वाटीभर विरजण आणावं तशी. वाटेत चोर गाठतो : पैसे देतोस की जीव? बेनी गप्प. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा हा वैतागून सांगतो, की विचार चाललाय! शेवटी बाहुली जाते.

त्या गप्प राहण्याबद्दल जरा बोललं पाहिजे. खरं म्हणजे मला त्याबद्दलच बोलायचंय. रेडिओवर चेहरा दिसत नाही, भुवई दिसत नाही. तिथे माणूस गप्प बसला, की घरोघर यंत्राला थापट्या बसायच्या. बेनी मात्र 1932 पासून श्रोत्यांच्या घरात होता. चिक्कूपणाची एवढी पुंजी त्याने सोळा वर्षांत साठवली होती, की त्या रात्री नुसत्या व्याजावर भागलं. तो गप्प आणि स्टुडिओत हशा! हे तंत्र मी एका व्याख्यानात वापरलं. ऐन वाक्यात थांबलो, डावीकडे सूचक पाहिलं. माइकवाला धावत आला आणि माइकवर टकटक करून गेला. हशा त्याला मिळाला. टाळ्यासुद्धा.

हल्ली विनोदी कार्यक्रमांत पाहुणे येतात ते सिनेमाची तारीख सांगायला. सगळे त्यांना 'सर, सर' करतात, ते कौतुकाने हसतात आणि कोरडे परत जातात. याचा मला मनापासून राग येतो. कोलमन आपलं ताजं वैभव चोराच्या हाती द्यायला तयार झाला. यजमानाने तर अब्रूच गहाण ठेवलेली.

आणि हा कवडीचुंबक प्रत्यक्षात वाद्यवृंदांच्या मदतीसाठी तेच व्हायोलिन घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचा. 1974 साली तो गेला, तेव्हा कळलं, की बायकोला, मेरीला, ती असेपर्यंत रोज एक लाल गुलाब पोचवायची व्यवस्था त्याने करून ठेवली होती.

हे मी घरी वाचून दाखवलं. बायकोचे डोळे पाणावले. मी म्हणालो, "एकरकमी ठरवलं असणार. घाऊक भावात पडलं असेल."

डोळे पुसत ती म्हणाली, "हे घाला लेखात. इतक्या वर्षांत तुमचा पहिला खरा दोष छापून येईल."