राहुरीचे श्वानपारखी

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली आणि तालुक्यातल्या निम्म्या लोकांना आपणही जनावरांतले शास्त्रज्ञ आहोत असं वाटू लागलं. बहुतेक जण गाई-म्हशींकडे वळले, काही शेळ्यांकडे. राहिलेला एक कुत्र्यांकडे वळतो. असा पारखी दर गावात एकच पुरतो; दोन झाले की करमणूक होते, पण कुत्रं कुणाचंच पास होत नाही.

पारखी नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला टपरीवर भेटतात. खिशात मोजायची टेप असते, ती मी बाहेर निघालेली पाहिलेली नाही. “माप डोळ्यांत पाहिजे,” असं ते म्हणतात. पिल्लू समोर आलं की चहाचा कप खाली ठेवतात आणि आधी त्याचं तोंड उघडतात. टाळू काळा निघाला तर जनावर तिखट. मग नख्या मोजतात. अठरा भरल्या तर “बरं आहे”. मागच्या पायांना जादा धरून वीस भरल्या तर त्या दिवशीचा चहा त्यांच्याकडून. शेवटी कमरेच्या दोन हाडांमध्ये बोटं आडवी ठेवायची. बोटं नीट बसली नाहीत की मालकाने काय समजायचं ते समजावं.

ही सगळी विद्या कारवानी कुत्र्यावर पोसलेली. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, वर ओढलेलं पोट, वेताच्या छडीसारखी शेपूट. डोळ्याने सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं, हे त्याचं काम. अशाच बांध्याच्या मुधोळ हाउंडवर 2005 साली टपाल तिकीट निघालं. पारखी ते तिकीट पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवतात.

मग पुण्याच्या एका पाहुण्याने शेतावर जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आणला. तपकिरी डोकं, अंगावर ठिपके. पारख्यांनी तोंड उघडलं, टाळू गुलाबी. नख्या अठरा. शेपूट अर्धी छाटलेली.

“बाकीची कुठं ठेवली?” त्यांनी पाहुण्याला विचारलं.

पाहुण्याने मोबाइल काढून जातीची मापं वाचून दाखवली. नराची उंची 62 ते 66 सेंटिमीटर, खांदा तिरपा, पाठ घट्ट आणि सरळ, नाकपुड्या रुंद. पारख्यांनी ऐकून घेतलं. खांद्यावरून हात फिरवला, फासळ्या चाचपल्या आणि नाइलाजाने “छाती चांगली आहे” एवढी कबुली दिली. आता हे खरं सांगायचं तर नजर त्यांची पक्की. खांदा तिरपा असला की पाय लांब पडतो, छाती खोल असली की दम टिकतो. हे त्यांना कुणा जर्मनाने शिकवलेलं नाही.

घोटाळा रानात झाला. घासाच्या बांधाला वास घेत चाललेला कुत्रा एकदम थांबला. पुढचा एक पाय उचललेला, मान ताणलेली, शेपटीचा उरलेला तुकडा ताठ.

“लकवा मारला का याला?”

“तात्या, हाच तर पॉइंट! पुढे तित्तर आहे. हा नाकाने हुडकतो आणि उभा राहून दाखवतो.”

“दाखवतो? आणि धरतं कोण?”

“शिकारी. बंदुकीने.”

पारख्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी, हे त्यांना तोंडपाठ. कारवानीवाल्यांना ते वेळोवेळी तेच बजावत असतात. म्हणजे कुत्र्याने दाखवायचं, माणसाने बघायचं आणि तित्तराने उडून जायचं. तित्तर तोवर उडालंच.

निकाल संध्याकाळी टपरीवर लागला. “अंगाने पहिला नंबर. स्वभाव गरीब. पण पळायच्या वेळी उभं राहणाऱ्याला आमच्याकडं कुत्रा म्हणत नाहीत, सोसायटीचा सचिव म्हणतात.”

पाहुणा रागावला नाही, उलट मुक्काम वाढवला. तुम्हीही राहुरीकडे कुत्रा घेऊन येणार असाल तर जरूर दाखवून घ्या. पारखी फी घेत नाहीत. मात्र रात्री त्याला घरातच बांधा. इकडे उसात बिबटे आहेत, आणि त्यांना अठरा नख्या काय नि वीस काय, सारख्याच.