हातात किती?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत प्रत्येकाला नाव आहे, पण ते वॉचमन आणि दूधवाला सोडून फारसं कुणी वापरत नाही. निदान अण्णा तरी वापरत नाहीत. "वरचा साडेएकवीस आज लवकर आला वाटतं," असं ते कट्ट्यावरून म्हणाले, की समजायचं, चौथ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला लिफ्टकडे गेला. बी विंगमधल्या बँकवालीला ते 'बत्तीस अधिक व्हेरिएबल' म्हणतात आणि तळमजल्यावरच्या नवराबायकोला 'जोडून सत्तावीस'. मी मुद्रितं तपासतो. माझा आकडा त्यांनी एकदाच विचारला. मी सांगितला. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारतात.

कुणाच्याही नोकरीची बातमी आली, की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला : "हातात किती?" लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनाही ते आधी पाणी विचारतात, मग हे. यात हेवा अजिबात नसतो. रेल्वेवेडा माणूस जसा इंजिनाचा नंबर टिपून घेतो, तसा अण्णा पगार टिपतात. इंजिन घरी न्यायची त्याची इच्छा नसते, अण्णांचीही नसते.

याचं मूळ टपालखात्यात आहे. लालबागच्या बाजूला एका पोस्टात मनिऑर्डरच्या खिडकीवर अण्णांची उमेदीची वर्षं गेली. गिरणीचा पगार झाला, की खिडकीपासून रस्त्यापर्यंत रांग. रत्नागिरी, राजापूर, पाटण, चिपळूण. प्रत्येक मनिऑर्डरीमागे कमिशन. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी चुली या रांगेवर पेटत. कोण जॉबर, कोण बदली कामगार, कुणाला ओव्हरटाइम मिळाला आणि कुणी या महिन्यात बायकोपासून वीस रुपये लपवले, हे अण्णांना फॉर्मवरूनच कळायचं. खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळींचा मजकूर असे. बऱ्याचदा तोही अण्णाच लिहून देत : 'पैसे पाठवले आहेत, छप्पर शाकारून घेणे.' 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि दोन-तीन महिन्यांत रांग आटली. पुढं उलटी मनिऑर्डर यायला लागली, गावाकडून मुंबईला. याबद्दल अण्णा एवढंच सांगतात आणि लगेच विषय बदलून विचारतात, "तुझ्या भाच्याचं काय झालं? हातात किती?"

बारावीचा निकाल लागला, की कट्ट्यावर अण्णांची ओपीडी सुरू होते. जुन्या पेन्शन पेपर्सच्या फायलीत त्यांनी कात्रणं लावून ठेवली आहेत. पोरगं समोर बसतं, बाप मागं उभा राहतो, आई वरून गॅलरीतून ऐकते.

"डॉक्टर," बाप म्हणतो.

"उत्तम. अमेरिकेत सर्वांत जास्त पगाराच्या धंद्यांची यादी तिथलं सरकार काढतं. वरची पानं सगळी डॉक्टरांचीच. सर्जन, भूलतज्ज्ञ, हृदयवाले. आणि आकडा काय देतात माहिताय? 2,39,200 डॉलर 'किंवा जास्त'. त्याच्या वर त्यांचं सरकारसुद्धा मोजत नाही." इथं बापाचा चेहरा उजळतो. अण्णा थोडा वेळ तो तसाच उजळू देतात. "आता मेंदूचा सर्जन घे. एमबीबीएस साडेपाच, इंटर्नशिप धरून. एमएस तीन. वर एमसीएच तीन. साडेअकरा. मधे प्रत्येक पायरीला नीट, एखाददुसरा ड्रॉप, वर बाँड. पोरगं तेहतीसचं होईपर्यंत हातात किती? स्टायपेंड. तोपर्यंत याच्या वर्गातल्या साडेएकविसाचं घराचं निम्मं कर्ज फिटलेलं असेल, आणि हा रात्री तीनला कुणाच्यातरी कवटीत हात घालून उभा असेल."

आई गॅलरीतून आत जाते.

मर्चंट नेव्हीची त्यांची माहिती प्रत्यक्षदर्शी आहे, कारण सी विंगमध्ये एक कॅप्टन राहतो. त्याचा पगार डॉलरमध्ये. भारतात वर्षाला 182 दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो अनिवासी, म्हणजे बोटीवरच्या त्या पगारावर इथला आयकर नाही. हे सांगताना अण्णांचा आवाज देवळात येतो तसा खाली येतो. कॅप्टन सुट्टीवर आला की बायकोशी बोलतो त्याहून जास्त कॅलेंडरशी बोलतो, असं त्यांचं निरीक्षण आहे. शिवाय त्याला झोप येत नाही. बोटीवर चोवीस तास पायाखाली इंजिन घरघरत असतं, इथं सगळं शांत. शेवटी त्यानं गादी उचलून पंपरूमवरच्या खोलीत टाकली. पहाटे चारला पंप सुरू झाला, की डोंबिवलीत एकटा तोच गाढ झोपी जातो.

"पायलट?" पोरगं स्वतः विचारतं. मुलांना हाच एक धंदा स्वतःहून सुचतो.

"बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना? मग गोंदिया आहे, बारामती आहे. 200 तास उडायचं. बाहेर मीटर पडत असतो रिक्षासारखा, फक्त पैसे लाखांत. लायसन मिळालं म्हणजे झालं असं नाही. एअरबसचं शिक्षण वेगळं, बोइंगचं वेगळं, पुन्हा पैसे. रिक्षाचं लायसन काढलं की बजाज चालवायला एक कोर्स आणि पियाजिओला दुसरा, असं असतं का? आणि नोकरी लागल्यावर डॉक्टरकडे नियमानं जायचं. बीपी वाढलं, जमिनीवर. साखर वाढली, जमिनीवर." बापाकडे बघून : "तुमच्या घरात साखर आहे ना?"

बाप खाली बघतो. घरात साखर आहे, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक आहे.

पण अण्णांचं खरं कसब दिसलं ते ए विंगच्या पोराला एक कोटीचं पॅकेज लागलं तेव्हा. पेढे वाटले, पेपरात फोटो आला. अण्णांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "ऑफर लेटर बघू." पोरानं मोबाईल दिला. अण्णांनी चष्मा बदलला, फुलस्केप मागवला आणि मनिऑर्डरच्या खिडकीवर नोटा मोजणाऱ्या बोटांनी तो कोटी उसवायला बसले. एवढा जॉइनिंग बोनस : एकदाच मिळणार, वर्षाच्या आत सोडलंस तर परत. हे शेअर : चार वर्षांत तुकड्या-तुकड्यानं, आणि कंपनी तोवर असली तर. ही ग्रॅच्युइटी : पाच वर्षं टिकलास तर. हा पीएफमधला मालकाचा हिस्सा. हा विमा : याचे पैसे मिळावेत अशी तुझ्या आईची इच्छा नसणार. हा कामगिरीचा बोनस : साहेबाचा मूड. मग कर. खाली दोन रेघा मारून त्यांनी आकडा लिहिला आणि बारानं भागला. पोराचे वडील शेजारीच उभे होते. पेढ्यांचं बिल त्यांनी बहुधा वरच्या आकड्यावर धरलं होतं.

"वाईट नाही," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी. "फक्त कोटी म्हणू नका."

वकिलांवर मात्र त्यांचा जीव आहे. हायकोर्टातले सीनिअर कौन्सेल पक्षकाराकडून थेट काम घेत नाहीत, वकालतनामा लावत नाहीत, मधे दुसरा वकील लागतोच, ही व्यवस्थाच अण्णांना राजेशाही वाटते. पण मुख्य गोष्ट वेगळी. मुंबईच्या जुन्या रिवाजात कौन्सेलची फी मोजायची ती जीएम, म्हणजे गोल्ड मोहोरांत, आणि एक मोहोर म्हणजे हिशेबाला 15 रुपये. "म्हणजे बघ," अण्णा डोळे मिटून म्हणतात, "त्यांच्या हातात मोहरा." सुरुवातीची दहा वर्षं ज्युनिअर म्हणून दुसऱ्याच्या फायली वाहायच्या आणि लोकलच्या पासाएवढं मिळवायचं, हेही त्यांना माहीत आहे, पण मोहरांच्या नादात ते सांगायचं राहतं. इतक्या वर्षांत त्यांनी दोन मुलांना लॉला घातलं. दोघंही अजून फायली वाहतात आणि अण्णांना बघून जिना बदलतात.

अण्णांचा सल्ला कुणी ऐकतो असं नाही. पोरं शेवटी मित्र जातो त्या कॉलेजात जातात. पण फी भरण्याआधी एकदा अण्णांना विचारायचं, हा रिवाज आहे, पत्रिका बघण्यासारखा.

यंदा एक घोटाळा झाला. पोरगं हुशार होतं. डॉक्टर, बोट, विमान, कोटी, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "अण्णाआजोबा, तुम्हाला हातात किती?"

कट्टा गप्प. चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी उलटा फिरवला नव्हता. वरचा साडेएकवीस लिफ्टचं दार धरून थांबला. अण्णांनी फाईल मिटली, मांडीवर ठेवली, पुन्हा उघडली.

"आकडा विचारू नकोस," ते म्हणाले, "वाढ विचार. केंद्र सरकारचा पेन्शनर आहे मी. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा. पंच्याऐंशीला 30. नव्वदीला 40. पंच्याण्णवला 50. आणि शंभराव्या वर्षी 100 टक्के. दुप्पट! कुठल्या कंपनीत आहे हे?"

"एंट्रन्स?" पोरानं विचारलं.

"नाही."

"बाँड?"

"नाही. ऑक्टोबरात हयातीचा दाखला. ऐंशी झालेल्यांना महिनाभर आधीपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबर."

मग हिशेबाचा आनंद चेहऱ्यावर आला. त्यांचा वाढदिवस जानेवारीच्या 28 तारखेला, पण वाढ मिळते ती ज्या महिन्यात ऐंशी भरतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून. म्हणजे 27 दिवस फुकट. सबंध सरकारी नोकरीत खात्यानं त्यांना काही आगाऊ दिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

तेव्हापासून अण्णांनी ओपीडी कमी केली आहे, स्वतःच्या तयारीला वेळ पुरत नाही म्हणून. सकाळी सहाला चालणं, मैदानाला तीन फेऱ्या, चौथी नाही. चहात साखर बंद. फाफडा बंद. पावसाळ्यात फडके रोडला जायचंच नाही, तिथले पेव्हर ब्लॉक सुटलेत. एरवी कुठल्याही धंद्याचा पगार आधी आणि काम नंतर सांगणारा माणूस हल्ली फक्त कामाबद्दल बोलतो. काकूंना हे सगळं दुरून बघून गंमत वाटते. "इतकी वर्षं वेळेवर ऑफिसला गेले नाहीत," त्या म्हणतात, "आता बघा."

परवा लिफ्ट बंद होती. संध्याकाळी जिन्यात दिवे गेले. मी खालून वर येत होतो, अण्णा वरून खाली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. चौथ्या मजल्यावरून काकू ओरडल्या, "अहो, कठडा धरा!"

"धरलाय गं," अंधारातून उत्तर गेलं, "ड्यूटीवरच आहे."