मोपा की दाभोळी?

कढीपत्ता ना? घ्या की वयनी, विचारता काय! गडग्यावरून हात घाला आणि फांदीच मोडा. आणि जरा थांबा, सांगायचंच होतं तुम्हाला. काल रात्री साडेअकराला समोरच्यांच्या अंगणात टॅक्सी आली, बघितलीत? हो, गोव्याचीच. बेंगळुरूचा जावई. एकटाच आला, मुलीला रजा नाही म्हणे.

आता ऐका. मोपा विमानतळाचं तिकीट दाभोळीपेक्षा अकराशेनं महाग दिसलं, म्हणून गड्यानं दाभोळीचं काढलं. सासऱ्यांना फोन करून फुशारकीही मारली. उतरला, आणि सावंतवाडीला यायला साडेतीन हजारांच्या खाली टॅक्सीवाला बोलेना. कुठे वास्को, कुठे आपण! झुवारीचा नवा पूल झाला म्हणून बरं, नाहीतर कुठ्ठाळीलाच तास गेला असता. पणजी, म्हापसा, पेडणे, पत्रादेवी करत मध्यरात्री घरी. मोपाला उतरला असता तर सासरेबुवा स्वतः जाऊन अर्ध्या-पाऊण तासात घेऊन आले असते. पण रात्रीचं दाभोळीपर्यंत गाडी हाकणं त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही, आणि जावयाला ते सांगायचं कसं!

हसू नका. तुमच्या नणंदबाई मे महिन्यात दाभोळीलाच उतरल्या होत्या. त्यांचं बरोबर होतं, तेच तर सांगतेय. त्या पाच जणं. माणशी हजार वाचले तरी पाच हजार झाले, आणि टॅक्सी एकच. तिकीट डोईमागे असतं, टॅक्सी गाडीमागे. जावई एकटा, त्यानं कशाला ही उठाठेव करायची?

दर वेगळे का म्हणता? अहो, दाभोळी नौदलाची. हंसा तळ तिथंच आहे, म्हणून सकाळच्या वेळी नागरी विमानांना जागा कमी. मोपा सुरू झालं 2023 च्या जानेवारीत, खाजगी कंपनीचं, चोवीस तास उघडं. तिकिटात विमानतळाचं शुल्क धरलेलं असतं, तेही दोन्हीकडे सारखं नाही. आणि जिथं एकाच वेळेला दोन-तीन कंपन्या उडतात तिथं भाव पडतो. म्हणून आज मोपा स्वस्त, तर पुढच्या शुक्रवारी दाभोळी. कतारचं विमानसुद्धा 2024 मध्ये दाभोळी सोडून मोपाला गेलं. मडगावकडची मंडळी कुरकुरतात, आमचा विमानतळ ओस पाडणार म्हणून. कुरकुरू देत. आपल्याला काय, नाव गोव्याचं असलं तरी विमान आपल्या दारात उतरतंय.

चिपी विमानतळ? त्याचं नाव काढलंत आणि माझं डोकं तापलं. 2021 च्या ऑक्टोबरात केवढा सोहळा झाला, आठवतं ना! एका व्यासपीठावर सगळे पुढारी, आणि टोमणे काय मारले एकमेकांना! तेव्हा मुंबईला अडीच हजारांच्या आसपास तिकीट मिळायचं. का, तर उडान योजना. काही सीटांचा दर बांधलेला आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देणार, तोही तीनच वर्षं. 2024 मध्ये मुदत सरली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. स्वस्ताई आपली नव्हतीच, सरकारच्या खिशातली होती. शिवाय चालू होतं तेव्हाही विमान रद्द झालं की पुढचं उद्या. मोपाला निदान दुसरं तरी मिळतं. तरी मी म्हणते, चिपीला एवढी मोठी धावपट्टी पडलीय, ती गुरं चरायला का?

बेळगावचं म्हणाल तर आमच्या ह्यांनी तोही हिशेब मांडला होता. सांब्र्याहून दिल्लीचं तिकीट स्वस्त दिसलं एकदा. म्हटलं, पावसात आंबोलीच्या धुक्यातून पहाटे चारला गाडी कोण काढणार, तुम्ही? गप्प बसले. चंदगडवाल्यांना सांब्रा बरं, आपल्याला नाही.

आणि एक बघून ठेवा, मोबाइलवर नुसतं गोवा टाकलं की दोन्ही विमानतळ एकाखाली एक येतात. दाभोळी जीओआय, मोपा जीओएक्स. शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. आमच्या बँकेतला एक साहेब निघताना दाभोळीला जाऊन उभा राहिला, विमान मोपाहून! सत्तर किलोमीटर टॅक्सी पळवली, तरी गेलंच ते.

काय, दिवाळीला तुमचा बाबू येतोय? बायको-मुलांसकट? म्हणजे चार माणसं. मग वयनी, फरक माणशी आठशेच्या वर असेल तरच दाभोळी बघा, नाहीतर सरळ मोपा. सामान किती त्यावरही आहे. सूनबाईंच्या बॅगा मागच्या वेळी मी बघितल्यात, एका टॅक्सीत मावायच्या नाहीत.

आमची गाडी? न्या की, नको कोण म्हणतं! ह्यांना मात्र आजच सांगून ठेवा, आणि मोपाच सांगा. दाभोळी म्हणालात तर त्या दिवशी नेमकी त्यांची कंबर धरेल.