सहावं स्टेशन

केवडियाला दोन दिवस राहून आलो. अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा करत गेलं की झालं. आम्हा नंदुरबारकरांना पुण्या-मुंबईपेक्षा हे कितीतरी जवळ. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं. मग त्याच्या अवतीभवती जंगल सफारी, कॅक्टस गार्डन, दिव्यांची ग्लो गार्डन, तंबूंचं शहर आणि मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. खोली नेटकी होती, वाढणारी पोरं अगत्याची होती. माझ्या पोरांना मजा आली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ताटाबद्दल आहे.

रात्री बुफे होता. पनीर दोन तऱ्हेचं, पास्ता, नूडल्स, कढी, गोडाचे पाच प्रकार. ज्वारीची भाकरी नव्हती. उडदाची डाळ नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून जेवत होतो आणि सातपुड्यातलं ताटात काहीच नव्हतं. चाटवर आमचूर तेवढा होता. उन्हाळ्यात धडगावकडे अंगणाअंगणात कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. त्या फोडी व्यापाऱ्याच्या पोत्यात जातात आणि त्यांचं पुढे काय होतं, हे कैरी चिरणाऱ्या बाईला कधी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्कमध्ये गेलो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं हे उद्यान पोषण या एकाच विषयावर आहे. छोटी रेल्वे पोरांना पाच स्टेशनांवर नेते. फलशाका गृहम, पायोनगरी, अन्नपूर्णा, स्वस्थ भारतम अशी त्यातल्या चारांची नावं. भाज्या खा, दूध प्या, घरचं खा, हे खेळत-खेळत शिकवलं जातं. शिकवण खरी आहे, पोरांच्या लक्षातही राहते.

पण मी नंदुरबारचा माणूस. त्या गाडीत बसल्यावर मला आमच्या अंगणवाड्या आठवल्या.

आमच्या जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानानं कमी आहे. हे सरकारच्याच २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलेलं आहे. त्या मुलांच्या कुठल्याही आईला भाजी चांगली की वाईट हे शिकवायची गरज नाही. तिला भाजी मिळायला हवी.

आणि ती मिळत होती. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीमागे, नर्मदेच्या डाव्या काठावर, आमचं मणिबेली गाव. १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरं पाण्यात गेली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके मिळून ३३ गावं बुडिताच्या यादीत आली. घरांबरोबर काठावरची गाळाची जमीन गेली, त्या जमिनीतल्या भाज्या आणि कडधान्यं गेली, वाहत्या नदीतले मासे गेले, महू आणि चारोळीची झाडं गेली. पंचनाम्यात घर आणि शेत मोजलं. नदीनं दिलेली रोजची भाजी आणि मासळी कुणी मोजली नाही.

धरणाखालची गोष्टही निराळी नाही. केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या सहा गावांची जमीन साठच्या दशकात धरणाच्या वसाहतीसाठी घेतली. ती पाण्यात गेली नाही. त्या जमिनीवर आज पर्यटनाच्या इमारती आहेत. तिथल्या आदिवासींचा हक्काचा झगडा अजून मिटलेला नाही. काठ दोन, राज्यं दोन, पण जमीन देणारा माणूस एकाच जातकुळीचा.

मोठं हॉटेल म्हणजे मोठं गिऱ्हाईक. त्याला रोज पोत्यानं धान्य लागतं, क्रेटनं भाजी लागते. ही खरेदी कुठून होते, यावर भोवतालच्या गावांचं नशीब ठरतं. म्हणून मागणी साधी आहे. केवडियाच्या प्रत्येक हॉटेलानं धान्य, डाळ, आमचूर, महू यांतला ठरावीक वाटा धरणग्रस्त गावांच्या बचत गटांकडून घ्यावा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती डाळ तिथल्या ताटात असावी. भाकरी थापायला अक्राणीची बाई असावी आणि तिचा पगार स्वयंपाक्याचा असावा. महाराष्ट्र सरकारनं गुजरातशी बसून हे लेखी ठरवावं. पाणी आणि वीज वाटून घेताना दोन्ही राज्यं एका टेबलाशी बसतातच.

आणि आमच्या जिल्ह्यातलं तोरणमाळ. यशवंत तलावाकाठी मोठं रिसॉर्ट हवं, अशी बोलणी अधूनमधून होतात. पर्यटक यावेत, जरूर यावेत. पण त्यांनी गावकऱ्यांच्या घरात उतरावं, त्यांच्या चुलीवरचं जेवावं आणि पैसे त्या घराच्या हातात द्यावेत. जमीन एकदा गेली की मालकाला तिथंच वेटर व्हावं लागतं, हे केवडियात मी दोन दिवस पाहिलं.

आता पुन्हा पोरांच्या ताटाकडे. महाराष्ट्र सरकारची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण, लहान मुलांना अंडं किंवा केळी. कागदावर ती उत्तम आहे. पण पावसाळ्यात नर्मदेकाठच्या पाड्यांवर होडीनं जावं लागतं आणि अंडी वेळेवर पोचतील याची खात्री नसते. ती खात्री द्यायला फार पैसा लागत नाही. पक्की होडी, वेळेवर बिल आणि अंगणवाडी सेविकेला पूर्ण मानधन एवढं लागतं.

पोषणाच्या त्या गाडीला पाच स्टेशनं आहेत. सहावं मणिबेलीला करा. तिथं खेळ नको, बाहुल्या नकोत. दुपारी बारा वाजता पोराच्या ताटात अंडं पडलं पाहिजे. रोज.