तारीख पुढे ढकला!

20 मार्च 2020 ला ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि 25 मार्चला देशाला टाळं लागलं. बाहेर सगळं ठप्प. खेळातला काळ मात्र खऱ्या घड्याळाबरहुकूम चालतो. घर वाढवायचं? उद्या या. अधीर मंडळी मग कन्सोलची तारीखच पुढे ढकलतात आणि ही सोय की लबाडी, यावर भांडतात.

विरारच्या बोळिंजकरांनी या भांडणात पडू नये. इथल्या म्हाडाच्या टोलेजंग इमारतींतली हजारो घरं, मुख्यतः पाण्याअभावी, वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती. वसई-विरार महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत 2020 मध्ये संपली, पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये! एवढी लांब उडी मारायला कसलेला खेळाडूही कचरेल.

कारण खेळात उडी फुकट नसते. अंगणात तण माजतं, घरात झुरळं फिरतात, तारीख मागे नेली तर साठवलेले सलगम सडतात. घराचं कर्ज तेवढं वाढत नाही. टॉम नूक हा तिथला सावकार व्याजच घेत नाही. त्याने विरार पश्चिमेला शाखा उघडली, तर अर्धं बोळिंज कन्सोल विकून रांगेत उभं राहील.