घातसर

आमच्या सोसायटीतल्या घातसरांना कुठलीही संख्या आहे तशी बघवत नाही. दुधाचं बिल १,८६० रुपये झालं, की आधी ते एकाच्या पुढे पेन्सिलीने टिंब देतात, टिंब किती घरं डावीकडे सरकलं ते बोटावर मोजतात आणि दूधवाल्याला सांगतात, "एक पॉइंट आठ सहा गुणिले दहाचा तिसरा घात." दूधवाला म्हणतो, "असू दे सर, पण पैसे रोख की जीपे?"

टिंबाच्या डावीकडे एकच अंक हवा आणि तो शून्य नको, हे त्यांचं सोवळं. 'साडेबारा गुणिले दहाचा चौथा घात' असं कुणी म्हटलं तर किंमत चुकत नाही, पण सरांचा चेहरा पडतो. सव्वा आणि पाचवा घात म्हणेपर्यंत ते त्या माणसाला जिना उतरू देत नाहीत.

ही खोड नोकरीतली. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात हयात गेली. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, लॉगटेबल. आणि संख्या या रूपात आणली की लॉगचा पूर्णांक भाग आयताच मिळतो. त्यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१ गुणिले दहाचा उणे एकतिसावा घात किलो. ते साधं लिहायचं तर टिंबानंतर आधी तीस शून्यं. "एक शून्य खाल्लंत की इलेक्ट्रॉन दसपट जड!" असं म्हणत त्यांनी पोरांच्या कित्येक पिढ्या घाबरवल्या. लीलावती या जुन्या गणितग्रंथातली यादीही त्यांना पाठ आहे: लक्ष पाचवा, कोटी सातवा, थेट परार्ध सतरावा. दहाच्या एकेका घाताला आपल्याकडे स्वतंत्र नाव होतं, याचा अभिमान ते लिफ्टमध्येसुद्धा बाळगतात.

पंचाईत होते ती आम्हा सामान्यांची. पार्किंगच्या हातभर जागेवरून दोन सभासद एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते. सर मध्ये पडले. "सूर्य दीड गुणिले दहाचा अकरावा घात मीटर दूर आहे आणि तुम्ही दहाच्या शून्याव्या घातावर भांडताय!" दोघांनी भांडण थांबवलं आणि सरांकडे मोर्चा वळवला.

एक वर्ष त्यांना खजिनदार केलं होतं. सिंकिंग फंडात ८,४७,२५० रुपये होते. सर्वसाधारण सभेत सरांनी वाचलं, "साडेआठ गुणिले दहाचा पाचवा घात." पहिल्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा वर केला. "वरचे दोन हजार सातशे पन्नास कुठनं आले?"

"सार्थ अंक दोनच घेतले, आजी."

"सार्थ असोत की निरर्थक, पावती दाखवा."

पुढच्या वर्षी एक तरुण खजिनदार आला. सभासदांना ठेवी परत करायच्या होत्या. त्याने सगळे खातेक्रमांक स्प्रेडशीटमध्ये भरले, आणि सोळा आकड्यांच्या जागी पडद्यावर 'पाच पॉइंट शून्य एक ई अधिक पंधरा' असलं काहीतरी उमटलं. पोरगा रडकुंडीला आला. सरांना बोलावलं, तर ते पेढे वाटायच्या बेतात. "अहो, हा ई म्हणजे आपला दहाचा घात! यंत्राला कळतं, तुम्हाला कळत नाही."

यंत्राला फारच कळत होतं. त्याने पंधरा अंक जपले आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवलं. रकमा गेल्या तशा परत आल्या. सर म्हणाले, "चूक जास्तीत जास्त नऊची. दहाच्या पंधराव्या घातापुढे नऊ म्हणजे काय हो?" ताऱ्यांची अंतरं मोजताना हे बरोबरच आहे. पण खातेक्रमांक ही मोजायची संख्याच नव्हे, ते अंकांत लिहिलेलं नाव आहे. आणि नावातलं शेवटचं अक्षर कुणी अंदाजे घेत नाही. हे सरांना आजवर पटलेलं नाही, पटेलसं दिसतही नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे सर असोत वा नसोत, खातेक्रमांक किंवा आधार क्रमांक भरण्याआधी त्या रकान्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करून घ्या. आधीच करा, नंतर केलंत तर गेलेला आकडा परत येत नाही.